मोनेच्या छत्रीखाली तैलरंगांचे धडे

तैलरंग शिकणाऱ्याची सुरुवात बहुधा स्थिरचित्रापासून होते. टेबलावर एक तांब्या, दोन-तीन फळे, मागे गडद पडदा आणि खिडकीतून एकाच बाजूने येणारा प्रकाश एवढी मांडणी पुरते. ती तासन् तास हलत नाही आणि तिच्या सावल्याही आपली जागा फारशी सोडत नाहीत. त्यानंतर खोलीत बसवलेल्या मॉडेलचे व्यक्तिचित्र येते. या दोन्हींत हात बसलेल्या विद्यार्थ्याला भर उन्हात उभा असलेला माणूस रंगवायला सांगितला की मात्र त्याची तारांबळ उडते. सावल्या तपकिरी होतात, कातडीचा रंग मातकट होतो आणि पांढरे कपडे खडूने रंगवल्यासारखे दिसू लागतात. त्यातच ऊन सरकते, मॉडेल दमते, वाऱ्याने कॅनव्हास डुगडुगतो.

कलाशिक्षणात यावर एक जुना उपाय आहे. ज्या चित्रकाराने हा प्रश्न सोडवला आहे, त्याच्या चित्राची अनुकृती करायची. मूळ चित्रकाराने ऊन-वाऱ्याशी झगडून जे निर्णय घेतले, ते विद्यार्थ्याला घरात बसून, एकेक करून तपासता येतात. अशा अभ्यासासाठी फ्रेंच चित्रकार क्लोद मोने (१८४०-१९२६) याने १८७५ मध्ये रंगवलेले 'छत्री घेतलेली स्त्री' हे चित्र विशेष उपयोगी पडते. मोनेची पत्नी कामी आणि मुलगा जाँ त्यात आहेत. मूळ चित्र १९८३ पासून अमेरिकेत, वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे.

खंदक खणण्यापासून काही तासांपर्यंत

या चित्राआधी मोनेची जवळजवळ दहा वर्षांची धडपड आहे. १८६६ मध्ये त्याने 'बागेतील स्त्रिया' हे चित्र हाती घेतले. सुमारे अडीच मीटर उंचीचा तो कॅनव्हास उघड्यावरच रंगवायचा, असा त्याचा हट्ट होता. वरचा भाग रंगवताना हात पोहोचावा आणि नजरेची पातळीही बदलू नये, म्हणून त्याने बागेत खंदक खणून कॅनव्हास खाली सोडण्याची सोय केली. त्यातल्या आकृत्यांसाठीही कामीच उभी राहिली होती. शेवटी ते चित्र स्टुडिओत पुरे करावे लागले आणि १८६७ च्या सरकारी सलोन प्रदर्शनाने ते नाकारले. चित्र देखणे आहे. पण त्यातल्या स्त्रिया उन्हात ठेवलेल्या कापडी बाहुल्यांसारख्या थोड्या ताठ वाटतात.

पुढे १८७१ च्या अखेरीस मोने पॅरिसजवळ सेन नदीकाठच्या आर्जांतुई या गावी राहायला गेला. तिथे १८७५ च्या उन्हाळ्यात 'छत्री घेतलेली स्त्री' रंगवले गेले. हा कॅनव्हास १०० सेंटिमीटर उंच आणि ८१ सेंटिमीटर रुंद आहे. तो उघड्यावर, बहुधा एकाच बैठकीत, काही तासांत पूर्ण झाला असावा, असे गॅलरीच्या तज्ज्ञांचे मत आहे. दुसऱ्या वर्षी, १८७६ मध्ये, दृक्प्रत्ययवाद्यांच्या दुसऱ्या प्रदर्शनात ते मांडण्यात आले.

हा वेग शक्य होण्यामागे एक साधी वस्तू होती. जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ मध्ये कथलाच्या दाबता येणाऱ्या रंगनळीचे पेटंट घेतले. त्याआधी घोटलेला रंग जनावराच्या मूत्राशयाच्या छोट्या पिशवीत बांधून न्यावा लागे. टोचलेली पिशवी पुन्हा नीट बंद होत नसे आणि रंग सुकत असे. झाकण लावता येणारी नळी आल्यावर चित्रकाराचे अर्धे दुकान खांद्यावरच्या पेटीत मावू लागले.

चित्रातला प्रसंग किरकोळ आहे. एक स्त्री मुलाला घेऊन गवताच्या उतारावर फिरायला आली आहे आणि क्षणभर थांबून तिने खाली पाहिले आहे. चित्रकार उताराच्या खालच्या अंगाला असल्याने ती आभाळाच्या पार्श्वभूमीवर उंच दिसते. वाऱ्याने तिचा झगा पिळवटला आहे, चेहऱ्यावरची जाळी उडते आहे. मुलगा पलीकडे, चढाच्या आड, कमरेपासून वरच दिसतो. या एका युक्तीने चित्राला खोली मिळते. ऊन कामीच्या पाठीमागून येते. त्यामुळे छत्रीचा माथा आणि पाठीवरचे कापड उजळले आहे, तर तिची आपल्याकडची बाजू सावलीत आहे.

नकलेची जुनी शाळा

आपल्याकडे 'नक्कल' या शब्दाला कमीपणा चिकटला आहे. चित्रकलेत तो नेहमीच तसा नव्हता. पॅरिसचे लूव्र संग्रहालय १७९३ मध्ये उघडले तेव्हापासून तिथे चित्रकार येऊन अनुकृती करत आले आहेत. दलाक्र्वाने रूबेन्सच्या चित्रांच्या अनुकृती केल्या. दगा आणि माने तिथेच जुन्या चित्रांसमोर बसत. बेर्त मोरिसोनेही १८५८ मध्ये नकलकार म्हणून तिथे नाव नोंदवले होते. गंमत म्हणजे १८६७ मध्ये मोनेनेही लूव्रमध्ये काम करण्याची परवानगी मिळवली, पण आतली चित्रे उतरवण्यासाठी नव्हे. त्याने तिथल्या सज्जातून चर्च, बाग आणि नदीकाठचा रस्ता यांची दृश्ये रंगवली!

मुंबईतही हा मार्ग नवा नाही. १८५७ मध्ये सुरू झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या अनुकृती केल्या, त्या कॅनव्हासवर आणि तैलरंगात. पुढे व्यक्तिचित्रकार म्हणून नावारूपाला आलेले पेस्तनजी बमनजी त्यांच्यापैकीच एक. लंडनला पाठवलेल्या या अनुकृतींपैकी कित्येक १८८५ च्या आगीत नष्ट झाल्या. जे विद्यार्थी लेण्यांच्या अंधुक उजेडात महिनोन् महिने बसले, त्यांच्या हाताला आणि डोळ्याला लागलेले वळण मात्र त्या आगीच्या आवाक्याबाहेर होते.

तयारी

मूळ चित्र वॉशिंग्टनमध्ये असले तरी त्याची मोठ्या आकाराची, बारकावे दाखवणारी प्रतिमा गॅलरीने २०१२ पासून विनामूल्य उपलब्ध करून दिली आहे. पडद्यावर पाहून काम करायचे असेल तर उजेडाची पातळी एकदा ठरवून मग बदलू नये. छापील प्रत वापरायची असेल तर ती मॅट कागदावर घ्यावी, कारण चकचकीत कागद गडद भागात आरशासारखा वागतो. दोन्हींत रंग थोडे इकडे-तिकडे होतातच. अनुकृती करणाऱ्याने म्हणून रंगाच्या नावापेक्षा रंगांतल्या परस्परसंबंधांवर भर द्यावा.

कॅनव्हास १६ बाय २० इंचांचा घ्यावा. हा आकार रंगसाहित्याच्या दुकानांत तयार मिळतो आणि तो मूळ चित्राच्या जवळपास निम्मा आहे. मोठ्या संग्रहालयांतही नकलकाराने मूळ आकाराहून लहान किंवा मोठीच अनुकृती करावी असा दंडक असतो. तेव्हा ही सवय सुरुवातीपासून लागलेली बरी.

रंगांची गर्दी नको. टायटॅनियम व्हाइट, कॅडमियम यलो, यलो ऑकर, कॅडमियम रेड किंवा त्याचा स्वस्त पर्याय, अलिझरिन क्रिमझन, अल्ट्रामरीन, कोबाल्ट ब्लू आणि व्हिरिडियन एवढे आठ रंग पुरतात. काळी नळी पेटीतच राहू द्यावी. दृक्प्रत्ययवाद्यांच्या काळात शिशाचा पांढरा आणि आर्सेनिकयुक्त एमराल्ड ग्रीन सर्रास वापरात होते. दोन्ही विषारी आहेत आणि घरातल्या अभ्यासाला त्यांची गरज नाही. फक्त एक लक्षात ठेवावे की टायटॅनियमचा पांढरा फार जोरकस असतो. तो सहज म्हणून मिसळला की रंग पिठूळ होतो.

ब्रश डुकराच्या केसांचे, चपटे आणि शक्यतो मोठे असावेत. सहा आणि दहा क्रमांकाचे दोन-दोन ब्रश घेतले तर निळ्यासाठी एक आणि पिवळ्यासाठी एक असे वेगळे ठेवता येतात. बारीक ब्रश हातात आला की नवशिका चेहऱ्यावर पापण्या काढत बसतो. मोनेने त्या काढलेल्या नाहीत.

तिरक्या रेषा आणि तीन छटा

शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्यांना चौकोन आखून चित्र मोठे करण्याची पद्धत आठवत असेल. इथे उंचीत दहा आणि रुंदीत आठ चौकोन पाडले की कॅनव्हासवर प्रत्येक चौकोन दोन इंचांचा होतो. पेन्सिलीऐवजी टर्पेंटाइनने पातळ केलेल्या निळसर तपकिरी रंगाने, ब्रशनेच, मोठे आकार मांडावेत. आधी उताराची कड, मग छत्रीचा दांडा, मग स्त्रीच्या अंगाचा कल, शेवटी मुलगा. छत्रीचा, झग्याच्या घड्यांचा आणि गवताचा कल नीट ताडून पाहावा, कारण चित्रातला वारा या तिरकेपणात आहे. छत्री सरळ उभी राहिली की वारा पडतो.

रंग लावण्याआधी वहीच्या पानावर, पोस्टकार्डाएवढ्या आकारात, चित्राचे तीनच छटांत टिपण करावे. त्यात उजळ, मधली आणि गडद या छटांव्यतिरिक्त काही नको. डोळे किलकिले करून पाहिले की बारकावे विरघळतात आणि या तीन छटा वेगळ्या होतात. हे पंधरा मिनिटांचे काम कंटाळवाणे वाटते म्हणून बहुतेक जण ते टाळतात. पुढे जी चित्रे फसतात, त्यांतली बरीच इथेच फसलेली असतात.

पांढरा झगा कोणत्या रंगाचा?

हे टिपण करताना पहिला धक्का बसतो. झगा पांढरा आहे हे डोळ्याला ठाऊक असते, म्हणून हात तो उजळ छटेत टाकू पाहतो. प्रत्यक्षात झग्याचा समोरचा भाग मागच्या ढगांपेक्षा गडद आहे. तो सावलीत आहे, आणि सावलीतले पांढरे कापड उन्हातल्या ढगापेक्षा काळवंडलेलेच दिसणार. पांढरा म्हणावा असा रंग फक्त पाठीमागच्या उडत्या कापडावर, बाहीच्या कडेला आणि छत्रीच्या माथ्यावर आहे. त्याचे प्रमाण थोडे आहे आणि ते थोडे आहे म्हणूनच ऊन प्रखर वाटते.

याची खात्री करून घेण्याचा एक सोपा मार्ग आहे. करड्या कार्डाला वाटाण्याएवढे भोक पाडावे आणि ते छापील प्रतीवर झग्याच्या निरनिराळ्या भागांवर धरावे. भोकातून झगा दिसत नाही, केवळ रंगाचा ठिपका दिसतो. एके ठिकाणी तो निळसर करडा, दुसरीकडे जांभळट, तर खाली गवताच्या बाजूला पिवळसर असतो. 'पांढरा' हा शब्द डोळ्याआड गेला की डोळा खरे पाहू लागतो. मनुष्याकृती उघड्यावर रंगवणे अवघड जाते याचे मुख्य कारण इथे सापडते. खोलीत वस्तूचा स्वतःचा रंग बराचसा टिकून राहतो. उघड्यावर तिच्यावर वरून आभाळ आणि खालून जमीन सतत आपापला रंग टाकत असतात.

झग्याच्या सावलीसाठी टायटॅनियम व्हाइटमध्ये अल्ट्रामरीन, किंचित अलिझरिन आणि निळेपणा मारण्यापुरता यलो ऑकर घालून तीन-चार मिश्रणे आधीच पॅलेटवर तयार करावीत. ती सर्व एकाच पातळीच्या गडदपणाची, पण वेगवेगळ्या रंगकलाची असावीत. यानंतर येते या चित्रातली सर्वांत नाजूक जागा. उतारावरच्या पिवळ्या रानफुलांचा आणि गवताचा उजेड उलटून कामीच्या समोरच्या भागावर पडला आहे. तो दाखवण्यासाठी नवशिका पिवळा आणि भरपूर पांढरा एकत्र करून सावलीत लावतो आणि झगा फाटल्यासारखा दिसू लागतो. परावर्तित उजेड सावलीचाच भाग असतो. त्याचा रंग बदलतो, उजळपणा फार बदलत नाही. म्हणून पिवळसर मिश्रण शेजारच्या निळसर मिश्रणाच्या बरोबरीचे गडद हवे. पॅलेटवर दोन्ही ठिपके शेजारी ठेवून डोळे किलकिले करावेत. त्यांच्यातली सीमारेषा पुसट झाली तर मिश्रण जमले.

चेहऱ्यालाही हाच नियम लागू होतो. कॅटलॉगमध्ये 'फ्लेश टिंट' नावाची नळी मिळते. तिचा या चित्रात काही उपयोग नाही. जाळीआडचा, सावलीतला चेहरा निळसर गुलाबी आहे. तो पाच-सहा फटक्यांत सुचवला आहे. जाळीचे फटके त्याच्यावरून आणि शेजारच्या आभाळातून एका ओघात गेले आहेत. चेहरा आधी 'पूर्ण' करून मग त्यावर जाळी घालू पाहणारा हमखास अडकतो, कारण मग त्याला केलेले काम झाकवत नाही.

संथ हाताने वेग शिकणे

रंगवण्याच्या क्रमाबद्दल एक खबरदारी घ्यावी लागते. आभाळ आणि आकृती ही दोन स्वतंत्र कामे समजू नयेत. आधी आभाळ रंगवून ते सुकल्यावर वर स्त्री चिकटवली, तर ती कात्रणासारखी दिसते. आभाळाचा निळा रंग आकृतीच्या कडेपर्यंत आणावा आणि तो ओला असतानाच झग्याचा रंग त्याला भिडवावा. ओल्यात ओला रंग लावला की काही कडा आपोआप विरतात. पाठीमागच्या उजळ कडा मात्र जाड रंगाने, एका फटक्यात, ठाम ठेवाव्यात. गवतासाठी आधी गडद हिरव्याचा पातळ थर, मग उताराच्या दिशेने तिरके पिवळसर हिरवे फटके, आणि फुलांचे ठिपके अगदी शेवटी. गवतावर पडलेली स्त्रीची सावली नुसता गडद हिरवा लावून भागत नाही. आभाळाची निळाई तिथेही आहे.

अनुकृतीत एक विसंगती अटळ आहे. मोनेने जे काही तासांत केले, ते उतरवायला विद्यार्थ्याला चार-पाच बैठका लागतात. झपाट्याने मारलेला फटका जपून, हुबेहूब काढायला गेले की तो मेलेला दिसतो. म्हणून प्रत्येक फटका मोजून उतरवू नये. फटक्याची दिशा, रुंदी आणि त्यात असलेला रंगाचा साठा पाहून, दुसऱ्या कागदावर दोनदा हात फिरवून, मग कॅनव्हासवर एकदाच ब्रश टेकवावा. चुकला तर पॅलेट नाइफने खरवडून पुन्हा मारावा. त्यावर गिरवत बसू नये. झग्याचा एखादा हातभर तुकडा अशा रीतीने जमला, तर बाकी चित्र अर्धवट राहिले तरी बिघडत नाही.

बैठकांमध्ये दिवस गेले तर 'कमी तेलावर जास्त तेल' हा तैलरंगांचा मूळ नियम सांभाळावा. पहिले थर टर्पेंटाइनने पातळ केलेले, नंतरचे जवसाच्या तेलाचे प्रमाण वाढवलेले असे असावेत. उलट केले तर वरचा थर आधी सुकतो आणि कालांतराने त्याला तडे जातात. तैलरंग पाण्याच्या रंगासारखे बाष्पीभवनाने सुकत नाहीत. हवेतला प्राणवायू शोषून तेल घट्ट होते. त्यामुळे मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात चित्र सुकायला वेळ लागला तर घाबरू नये, मात्र कॅनव्हास भिंतीला टेकवून ठेवू नये. ओलीत मागच्या बाजूने बुरशी धरते.

हीच प्राणवायू शोषण्याची क्रिया घरात धोकादायक ठरू शकते. जवसाचे तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा कचऱ्याच्या डब्यात तसाच राहिला, तर तेल सुकताना निर्माण होणारी उष्णता आत कोंडते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. लहान सदनिकांत काम करणाऱ्यांनी चिंध्या पसरून उघड्यावर वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात. टर्पेंटाइनच्या वाफेने डोके दुखते, म्हणून खिडकी उघडी हवी. ब्रश धुण्याचे टर्पेंटाइन मोरीत ओतू नये.

सही कोणाची?

भारतीय कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या चित्रावर स्वामित्वहक्क असतो. मोनेच्या बाबतीत तो प्रश्न उरलेला नाही. १९४४ मध्ये निधन झालेल्या म. वि. धुरंधरांच्या चित्रांवरील हक्क २००४ अखेर संपला. १९६८ मध्ये निधन झालेल्या सा. ल. हळदणकरांच्या चित्रांवरील हक्क मात्र २०२८ अखेरपर्यंत आहे. घरी, स्वतःच्या अभ्यासासाठी केलेल्या अनुकृतीला कायदा आडकाठी करत नाही. ती विकायला काढली की गोष्ट वेगळी.

मूळ चित्राच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात मोनेची सही आणि साल आहे. अनुकृतीत ती जागा मोकळी सोडावी. कॅनव्हासच्या मागे, न पुसणाऱ्या शाईने, 'मोनेच्या १८७५ च्या चित्रावरून' असे लिहून खाली स्वतःचे नाव आणि तारीख टाकावी. आज हे पाल्हाळ वाटले तरी चित्र तीस-चाळीस वर्षे टिकते, हातोहात फिरते आणि ते कोणी व कशासाठी केले हे सांगणारे माणूस शेजारी असतेच असे नाही.

चित्र स्पर्शाला कोरडे झाले तरी व्हार्निशची घाई करू नये. जाड थर असतील तर सहा महिने ते वर्षभर थांबावे लागते. तोवरच्या काळात, त्याच आठ रंगांनी, दुपारी चारच्या उन्हात गच्चीवर पांढरा सदरा घातलेल्या घरच्याच कोणाला सूर्याकडे पाठ करून उभे करावे आणि अर्ध्या तासाचे टिपण करावे. कामीसारखे न हलता कोणी उभे राहणार नाही, आणि गच्चीवरच्या फरशीचा तांबूस उजेड सदऱ्यावर पडला आहे की नाही, हे या वेळी स्वतःच शोधावे लागेल. मोनेनेही १८८६ मध्ये, कामीच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, जिव्हेर्नीला हाच विषय पुन्हा घेतला. त्या वेळी छत्री घेऊन उभी होती सुझान ओशदे. मनुष्याकृती निसर्गदृश्यासारखी रंगवायची, असे त्याने तोवर ठरवले होते. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातल्या त्या दोन चित्रांत चेहरा जवळजवळ नाहीच, झग्यावरची सावली मात्र पहिल्याहून निळी आहे.